चटया कोण अंथरणार

काओ लान्हचा धक्का दिसू लागला तसा खिएमनं गळ्यातला टाय सोडून खिशात कोंबला. त्याची बायको क्वेन शेजारीच बसली होती. तिनं ते पाहिलं आणि ती नदीकडे बघत राहिली. सायगावच्या सरकारी कचेरीत परदेशी वर्तमानपत्रांचे तर्जुमे करणारा माणूस स्वतःच्या गावात उतरताना टाय लपवतो, यावर बायकोनं बोलायचं तरी काय? धक्क्यावर ओळीनं लाल झेंडे लागले होते, प्रत्येकाच्या मधोमध पिवळा तारा. तहात ठरल्याप्रमाणे हा मुलूख पावसाळ्यापुरता क्रांतिकारकांकडे होता, आणि पावसाळा आता सरत आला होता.

तह झाला होता तो दूर युरोपात, एका तळ्याकाठच्या शहरात. रशिया, चीन, अमेरिका, फ्रान्स अशी सगळी बडी धेंडं तिथे टेबलाभोवती बसली, आणि उठली तेव्हा देशाचे दोन तुकडे झालेले होते. वरचा कम्युनिस्टांचा, खालचा त्यांच्या वैऱ्यांचा. दक्षिणेत क्रांतिकारकांकडून लढलेल्या पोरांनी जहाजात बसून उत्तरेला जायचं, दोन वर्षांनी साऱ्या देशात मतदान व्हायचं, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी परतायचं. वरून खाली येणाऱ्यांना अमेरिकेची जहाजं आणत होती, खालून वर जाणाऱ्यांना पोलंडची नि रशियाची नेत होती. दुसऱ्याच्या घरातली माणसं इकडून तिकडे हलवायला दोन्ही पक्षांकडे जहाजांना तोटा नव्हता.

सासूबाईंची तार अगदी आखूड होती. हुओंगचं बिऊशी लग्न ठरलं आहे, या. हुओंग ही खिएमची धाकटी बहीण. बिऊ हा शेजारच्या साऊचा मुलगा, क्रांतिकारकांच्या फौजेत तारायंत्र चालवणारा, आणि लग्न लागलं की दोन दिवसांत तो उत्तरेला निघणार होता. सध्या काओ लान्हात अशीच लग्नं लागत होती. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला वाटत होतं, घरात सून ठेवून गेला तर परतीची वाट विसरणार नाही. खिएमला यातलं काहीच पटत नव्हतं. दोन्ही मुलांना त्यानं सायगावला क्वेनच्या आईकडे ठेवलं होतं, आणि लाँचमध्ये बसल्यापासून तो एकच गोष्ट घोळवत होता. हे लग्न मोडायचं आणि आईला नि हुओंगला घेऊन परत जायचं.

घराच्या खांबांना पुराचं पाणी लागलं होतं, दरवर्षी या दिवसांत लागतं तसं. ओसरीवर माग मांडला होता आणि सासूबाई नि साऊ लग्नाची लाल चटई विणत होत्या. साऊ बांबूच्या लांब कामटीच्या टोकाला लव्हाळ्याचा धागा अडकवून तो ताण्यातून आरपार सारायची, आणि सासूबाई जड फणी ओढून तो ठोकून बसवायच्या. दोघी लग्न होऊन या कालव्यावर आल्या तेव्हापासून एकाच मागावर होत्या. नवऱ्यांपेक्षा त्यांनी एकमेकींनाच जास्त सोसलं होतं, आणि नवरे तर आता दोघींचेही उरले नव्हते.

“आलात? पाय धुवून घ्या,” सासूबाई म्हणाल्या. फणी थांबली नाही. “लग्न उद्या दुपारी.”

“आई, मी लग्नाला आलेलो नाही. बोलायला आलोय.”

“बोल की. कान रिकामेच आहेत.”

“साऊमावशींना जरा घरी जाऊ दे.”

साऊनं कामटी बाहेर ओढली. “मी गेले तर माग थांबेल, बाबा. एकटीला चटई विणता येत असती तर तुझ्या आईनं मला कधीच हाकलली असती.”

सासूबाई हसल्या. खिएम हसला नाही. क्वेनला हसू आलं आणि ते लपवायला ती पाय धुवायला गेली. नवी सून म्हणून आली होती तेव्हा तिलाही एकदा या मागावर बसवलं होतं. तिनं विणलेला तुकडा एका बाजूला इतका आखडला की साऊनं तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला आणि ती म्हणाली, सायगावच्या पोरीला पंख्याखाली बसू दे, तेच तिला शोभतं. ती थट्टा अजून चालू होती.

जेवणाच्या वेळी बिऊही आला. उंच, सडपातळ, कपाळावर ऊन खाल्लेली रेघ. त्यानं मोठ्यांना वाकून नमस्कार केला आणि साऊच्या शेजारी मांडी घातली. शेवरीची पिवळी फुलं आणि छोटे मासे घातलेलं आंबट कालवण होतं, हुओंगनं केलेलं. सगळ्यांनी आधी कालवणाचीच तारीफ केली, कारण पुढचं बोलणं कुणालाच सुरू करायचं नव्हतं. शेवटी खिएमनंच केलं. तो म्हणाला की बिऊबद्दल त्याचं काही म्हणणं नाही, मुलगा चांगला आहे, पण लग्न दोन वर्षांनी करावं. मतदान होऊन सगळे परतले की मग वाजतगाजत करू.

“मतदान तर होणारच आहे, दादा,” बिऊ म्हणाला. “मग दोन वर्षं आधी केलं तर काय बिघडलं?”

“होणार नाही.” खिएमनं वाडगा खाली ठेवला. “त्या कागदाला अमेरिकेनं मान डोलावलेली नाही. आमच्या सरकारनंही नाही. मतदान घेतलं तर कोण जिंकणार हे त्यांनाही तुझ्याइतकंच ठाऊक आहे. हरणार हे ठाऊक असताना पत्ते कोण पिसतं?”

“साऱ्या जगासमोर ठरलंय. रशिया आणि चीन गप्प बसतील?”

“रशियाला आणि चीनला हुओंगचा संसार चालवायचा नाहीये, बिऊ. त्यांना एकमेकांकडे आणि अमेरिकेकडे बघण्यातून सवड नाही.”

सासूबाई माशाचा काटा काढत होत्या. “रेडे झुंजतात आणि डास चिरडतात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझी आजीपण हेच म्हणायची. म्हणून डासांनी लग्नं करायची थांबवलीत काय?”

साऊ खळखळून हसली. हुओंग हसली नाही. ती इतका वेळ वाढत होती. आता भावासमोर बसून तिनं विचारलं, “दादा, मेव्हणा उत्तरेत गेला तर तुमच्या नोकरीचं काय होईल?”

खिएमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला की प्रश्न नोकरीचा नाही, पण तो एवढा हळू म्हणाला की बिऊनंच लाजून दुसरा विषय काढला. क्वेनला त्या मुलाचं कौतुक वाटलं. आणि नवऱ्याची लाज वाटली, तीही खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटयांची जोडी मागावरून उतरली आणि आळीतल्या बाया ती बघायला जमल्या. कडा सरळ आहेत, रंग चढलाय, असं सगळं बोलून झालं. मग खरा प्रश्न निघाला. लग्नाच्या पलंगावर चटयांची जोडी कुणीही अंथरून चालत नाही. त्याला सवाष्ण लागते, नवरा जिवंत असलेली, मुलगे असलेली, घरात सुखानं जेवणारी. तिचं नशीब त्या चटयांतून नव्या जोडप्याला लागतं. एरवी अशा बाईसाठी फार शोधावं लागत नसे. पण नऊ वर्षांच्या लढाईनंतर त्या आळीत उभं राहून सवाष्ण शोधणं म्हणजे सोपं काम नव्हतं.

एकीचा नवरा फ्रेंचांच्या तुरुंगात गेला तो आलाच नव्हता. एकीला मूल नव्हतं. एकीच्या नवऱ्यानं पलीकडच्या काठावर दुसरं घर केलं होतं, तिचं नाव कुणी काढलंच नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अगं, लुआ आहे की.”

लुआ दोन घरं सोडून राहायची. तीन मुलगे, नवरा धडधाकट, आणि स्वभाव इतका हसरा की तिच्या घरात भांडण झालं तरी शेजाऱ्यांना गाणं चाललंय असं वाटायचं. ती पुढे आली, हात पुसत. आणि मग बायांना आठवलं की तिचा नवरा बिऊच्याच तुकडीत होता आणि बिऊच्याच जहाजातून जाणार होता.

“लुआचा नवरा परवा निघतोय ना,” एक म्हातारी म्हणाली.

“दोन वर्षांसाठी,” लुआ म्हणाली.

“हो हो, दोनच वर्षं,” सगळ्या एकदम म्हणाल्या. “दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील.” पण चटया कुणी तिच्या हातात दिल्या नाहीत. साऊ वाकून कडेची एक गाठ पुन्हा पुन्हा तपासत राहिली. सासूबाई पाण्याकडे बघत होत्या.

“मग मी सवाष्ण नाही का?” लुआनं विचारलं.

नाही असं कुणी म्हणालं नाही. म्हातारी म्हणाली, तसं नव्हे गं, पण अशा कामात उगाच कशाला. लुआ थोडा वेळ उभी राहिली. मग चुलीवर भात आहे असं सांगून ती निघून गेली, आणि तिच्या पाठीमागे कुणी भाताची चौकशी केली नाही.

क्वेन खांबाला टेकून हे बघत होती. म्हणजे यांना सगळ्यांना ठाऊक होतं. कचेरी नाही, परदेशी वर्तमानपत्रं नाहीत, एकीलाही नीट वाचता येत नव्हतं, आणि तरी ठाऊक होतं. धक्क्यावर, सभेत, चुलीपाशी सगळ्या दोन वर्षं म्हणत होत्या. चटयांची वेळ आली तेव्हा मात्र जाणाऱ्याची बायको त्यांना सवाष्ण धरवत नव्हती.

“आपली सूनबाई आहे की,” साऊ म्हणाली. सगळ्यांनी क्वेनकडे पाहिलं. नवरा जिवंत, घरात, सरकारी नोकरीत. दोन मुलगे. तिच्यात खोट काढायला कुणालाच काही सापडेना. नवऱ्यामुलाच्या वैऱ्याकडे चाकरी करणाऱ्याची बायको त्याच्या लग्नाच्या चटया अंथरणार, याचं नवल वाटण्याइतकी सवड त्या बायांना नव्हती.

खिएमनं ते ऐकलं आणि क्वेनला मागच्या बाजूला, जिथे होडी बांधायची तिथे नेलं. “तू त्या चटयांना हात लावायचा नाहीस,” तो म्हणाला.

तिनं विचारलं की सासूबाईंना काय सांगायचं. तो म्हणाला, खरं सांग. आईला नाही, हुओंगला सांग. “माझं ऐकून ती फक्त चिडते. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. तिला सांग की मी रोज काय वाचतो. तिला सांग की तो येणार नाही. हे ठाऊक असून तू तिच्या पलंगावर चटई टाकलीस तर ते पाप तुझं, क्वेन, माझं नाही.”

यात खोटं काही नव्हतं. क्वेनला तेच तर नको वाटत होतं. तिनं स्वतः लग्नाआधी खिएमला एकदाच पाहिलं होतं, मध्यस्थ बाईसोबत, पानसुपारीचं तबक मध्ये ठेवून. कुणाची वाट बघायची पाळी तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. पण तिच्या हातून एखाद्या पोरीचं आयुष्य अडकलं तर तिला झोप लागली नसती, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती हुओंगला शोधायला गेली.

हुओंग ओसरीच्या टोकाला बसून चटयांच्या कडेचे सुटलेले धागे गाठत होती. लग्नाची मुलगी, पण नखांत लाल रंग तसाच होता. क्वेन तिच्यासमोर बसली आणि तिनं आडवळण घेतलं नाही.

“हुओंग, मतदान होणार नाही. तुझे दादा काल चिडून बोलले असं समजू नकोस. बिऊ दोन वर्षांनी येणार नाही.”

“मग किती वर्षांनी?”

“कुणालाच ठाऊक नाही. पाच असतील. जास्तही असतील.”

हुओंगनं एक गाठ मारली, दातानं धागा तोडला, आणि दुसरी घेतली. “मला वाटलं होतं दादा घाबरवतात,” ती म्हणाली. “तुम्ही कुणाला घाबरवत नाही.” तिचा आवाज बदलला नाही, पण पुढची गाठ सुटली आणि ती तिला परत मारावी लागली.

“अजून वेळ गेलेली नाही,” क्वेन म्हणाली. “मी सांगते सगळ्यांना. दोष माझ्यावर येऊ दे.”

“आणि मग मी काय करीन, वहिनी? वाटच बघीन. पण कुणाची कोण म्हणून? पुढच्या टेटच्या सणाला दादा एखाद्या कारकुनाला घेऊन येतील. चांगलाच असेल बिचारा. आई रडेल, साऊमावशी म्हणेल, जा पोरी, माझ्या मुलासाठी किती थांबशील. आणि मला नाही म्हणायला तोंड नसेल, कारण मी त्याची कुणीच नाही.” तिनं चटईची कड गुडघ्यावर सरळ केली. “लग्न झालं म्हणजे मला थांबायचा हक्क येतो. मग मला कुणी उठवू शकत नाही.”

क्वेननं विचारलं, “पाचाचे दहा झाले तर?”

“तर झाले.” हुओंगनं क्वेनचा हात धरला, पहिल्यांदाच. “फक्त त्याला सांगू नका. त्याला खरंच वाटतं की दोन वर्षांनी येणार. त्या भरवशावर तो जातोय. त्याला तसाच जाऊ द्या.”

क्वेनला रडू आलं. तिला त्या पोरीचा राग आला, इतक्या शांतपणे स्वतःचं वाटोळं करून घेते म्हणून. आणि त्या रागाच्या खाली हेवाही होता, तो तिनं तिथेच ओळखला. तिनं डोळे पुसले आणि उरलेले धागे गाठायला घेतले. गाठी काही धड जमल्या नाहीत, आणि हुओंगनं त्या मुकाट्यानं सोडून परत मारल्या.

खिएम अजून होडीपाशीच होता. तिनं त्याला सांगितलं की हुओंगला सगळं सांगून झालंय आणि तरी लग्न होणार आहे. “आणि चटया मी अंथरणार आहे.”

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो पायरीवर बसला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली जी त्यानं महिनाभर पोटात ठेवली होती. कचेरीत साहेबांनी एकेकाला बोलावून विचारलं होतं, घरातलं कुणी उत्तरेला जातंय का. तो नाही म्हणाला होता. तेव्हा ते खरंच होतं. आता मेव्हणा गेल्यावर ते खोटं ठरणार, आणि खोटं बोलणाऱ्याला आजकाल नुसतं काढून टाकून भागत नाही.

“तानबद्दल नाही विचारलं?” क्वेननं विचारलं. तान हा त्याचा मधला भाऊ, दलदलीतल्या लढाईत क्रांतिकारकांकडून लढताना मेलेला.

“मेलेल्यांबद्दल विचारत नाहीत,” खिएम म्हणाला. “मेलेला कुठल्याच बाजूला जात नाही.” मग तो तोंड फिरवून म्हणाला, “मला वाटतं, लग्न मोडावं. मला खरंच हुओंगची काळजी वाटते, क्वेन. नोकरीचीही वाटते. दोन्ही एकदम वाटतं, आणि त्यामुळे मी काहीही बोललो तरी लोकांना एकच ऐकू येतं.”

इतक्या वर्षांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. क्वेन त्याच्या शेजारी बसली. ती म्हणाली की तिला दोन्ही ऐकू आलं, आणि सायगावला परतल्यावर जे व्हायचं ते दोघं मिळून बघू. पण चटयांबद्दल तिनं शब्द फिरवला नाही.

दुपारी शाळेच्या पडवीत एकदम कितीतरी जोड्यांची लग्नं लागली. नव्या रीतीप्रमाणे भिंतीवर झेंडा, पुढाऱ्याचं चित्र, चहा आणि शेंगदाण्याची चिक्की. एका अधिकाऱ्यानं नावं वाचली आणि देश एक होईपर्यंत एकमेकांना साथ द्या असं सांगितलं. एका जोडीचं नाव वाचायचं राहून गेलं, ती बिचारी सगळे पांगल्यावरही उभीच होती, मग कुणीतरी हाका मारून अधिकाऱ्याला परत आणलं. खिएम शाळेकडे फिरकला नाही. पण घरी पूर्वजांपुढे दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तो आत आला, बापाच्या जागी उभा राहिला, त्यानं उदबत्त्या लावल्या आणि बहिणीचं नि बिऊचं नाव पूर्वजांना सांगितलं. तानचं नाव घेताना तो थोडा थांबला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्या वातीच नीट करत होत्या.

मग क्वेनला साऊच्या घरी नेलं. पलंग धुऊन पुसून ठेवला होता. दारात बाया दाटल्या होत्या, शेवटच्या रांगेत लुआही होती, कडेवर धाकटा. सासूबाईंनी गुंडाळलेल्या चटया क्वेनच्या हातात दिल्या आणि हळूच विचारलं, “खिएमनं नको म्हटलं होतं ना?”

“हो.”

“मग?”

“खालची सुलटी आणि वरची पालथी, बरोबर ना?” क्वेननं विचारलं. सासूबाईंनी मान हलवली.

चटई रुंद होती. एकटीनं अंथरली तर एक बाजू वाकडी पडणार हे क्वेनला दिसत होतं, आणि वाकडी पडलेली ओढून सरळ करायची नसते. तिनं दाराकडे पाहिलं. “लुआताई, जरा पलीकडचं टोक धरता का?”

लुआ जागची हलली नाही. सकाळचीच म्हातारी म्हणाली, सूनबाई, तुला आमची रीत ठाऊक नाही.

“ठाऊक आहे,” क्वेन म्हणाली. “नवरा जिवंत असलेली लागते. यांचा आहे. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, तुम्हीच म्हणालात.” तिनं आयुष्यात एवढं मोठं खोटं यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

म्हातारीनं साऊकडे पाहिलं. मुलगा साऊचा, पलंग साऊचा. साऊचा चेहरा पांढरा पडला होता, कारण नशीब लागतं यावर तिचा खरोखर विश्वास होता. ती सासूबाईंकडे वळली. मागावर बसल्यासारखंच दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सासूबाई म्हणाल्या, “पोर दे इकडे, लुआ. धर ते टोक.”

लुआ आली. तिनं मूल सासूबाईंच्या कडेवर दिलं, हात लांब झग्याला पुसले आणि चटईचं टोक धरलं. दोघींनी ती एकदम उचलली आणि पलंगावर सोडली. सरळ पडली. मग वरची, पालथी. लुआनं कोपरे हातानं दाबले आणि एकदाच जोरात नाक ओढलं. बाहेर हुओंग आणि बिऊ थांबले होते, बिऊ कुणाशी तरी हसून बोलत होता. ते घर त्या दोघांना देऊन सगळ्या निघून आल्या. साऊ दोन रात्री सासूबाईंकडेच झोपली, आणि दोघी दिवसभर मागावर दुसरीच कुठलीतरी चटई विणत बसल्या.

जहाजं सुटायची होती त्या सकाळी धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. बँड वाजत होता. तह पाळला जातोय की नाही हे बघायला नेमलेले परदेशी अधिकारीही आले होते, त्यात एक पगडीवाला हिंदी होता, तो घामाघूम होऊन सारखा नदीकडे बघत होता. आई, बायको, बहीण यांनी काय काय बांधून दिलेलं पोरांच्या खांद्यावर लोंबत होतं. बिऊनं सगळ्या मोठ्यांना नमस्कार केला. खिएमसमोर तो जरा घुटमळला, मग त्यालाही वाकला. हुओंगशी तो काय बोलला ते क्वेननं ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. हुओंगनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि तो चढला.

जहाज काठापासून सुटलं, आणि कठड्याशी उभ्या असलेल्या कुणा पोरानं हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. त्याच्या शेजारच्यानं दाखवली, मग साऱ्या कठड्यानं. धक्क्यावरूनही हात वर गेले, शेकडो, प्रत्येकाची दोन बोटं. लुआनं स्वतःचा हात वर केला आणि कडेवरच्या पोराचाही. साऊनं केला. हुओंग सगळ्यांत पुढे होती, पाण्याच्या अगदी कडेला, हात ताठ, आणि ती हसत होती. क्वेननंही हात वर केला. खिएमचे दोन्ही हात खिशात होते.

बिऊची नजर गर्दीत घरच्यांना शोधत होती. त्याला हुओंग दिसली, आई दिसली, सासूबाई दिसल्या. मग नजर खिएमवर येऊन थांबली. मतदान होणार नाही, असं याच माणसानं जेवताना सांगितलं होतं, आणि त्याचा हात एकट्याचाच खाली होता. कठड्यावरचा बिऊचा हात हळूहळू खाली येऊ लागला.

“खिएम, हात वर कर,” सासूबाई समोर बघतच म्हणाल्या.

“आई, मला ठाऊक असताना मी कसा...”

“मलाही ठाऊक आहे. इथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही तो तिकडून तुझ्याकडं बघतोय.”

खिएमनं खिशातून हात काढला. त्यानं दोन बोटं केली आणि हात जमेल तितका उंच धरला. जहाजावर बिऊ हसला, आणि त्यानंही आपला हात पुन्हा वर केला.